बास गिटार: फ्रेट किती हवेत, दुसरी बास कोणती घ्यावी आणि पावसाळ्यात ती कशी सांभाळावी

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात बास वाजवणारे एक चूक हमखास करतात. पहिली बास वीस फ्रेटची (फ्रेट म्हणजे नेकवर आडवे ठोकलेले धातूचे पडदे) असते. दोन-तीन सीझन ऑर्केस्ट्रात किंवा गणपतीच्या कार्यक्रमांत वाजवून झालं की ‘मोठी’ बास घ्यायची ओढ लागते, आणि मोठी म्हणजे २४ फ्रेटची, हे मनात पक्कं असतं. पुण्याहून किंवा कोल्हापुराहून ती येते. महिन्याभरात लक्षात येतं की वरच्या चार फ्रेटना हातच लागत नाही, स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) मारायला जागा उरलेली नाही, पट्टा अडकवला की बासची मान, म्हणजे नेक, जमिनीकडे झुकते, आणि गायकाने पांढरी २ (पेटीवरची पट्टी, म्हणजे डी) धरली की खालचा डी अजूनही मिळत नाही तो नाहीच.

हे सगळं खरेदीआधी तासाभरात कळू शकतं. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. आधी बास बघायची आणि मग आपली गरज ठरवायची, असं उलटं केलं की गरज त्या बासच्या मापाने कापली जाते.

आधी हे जवळ घ्या

- मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी आणि मेजर टेप.
- फीलर गेज. दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट लावायला वापरतात तोच. ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. त्यात ०.३० मिमीचं पान हवं.
- ॲलन कीचे दोन संच, एक मिमीचा आणि एक इंचाचा.
- क्लिप ट्यूनर. फोनवरचं ॲप ई, म्हणजे सगळ्यात जाड, तारेवर गोंधळतं, कारण उघडी ई तार ४१ हर्ट्झची आणि फोनचा माइक तिथे कच्चा पडतो. क्लिप नसेल तर बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून येणारा सूर) वाजवून सूर बघा.
- बाद झालेलं एटीएम कार्ड, मोबाइलचा टॉर्च, कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा), आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची. ती पुढे प्रत्येक टप्प्यात लागणार आहे.

टप्पा १: तुम्ही खरंच किती वर जाता ते मोजा

१. नेहमी वाजवता ती २५ गाणी वहीत उतरवा. आवडती नव्हे, नेहमीची.

२. प्रत्येक गाण्यापुढे दोन रकाने करा: सगळ्यात वरचा सूर आणि सगळ्यात खालचा सूर. अंदाजाने लिहू नका, बास हातात घेऊन वाजवून लिहा.

३. गायक बदलला की पट्टी बदलते. ज्या गाण्याची पट्टी हलते, त्याचे दोन्ही टोकांचे सूर लिहा.

४. आता वरच्या रकान्यातला सगळ्यात उंच सूर शोधा आणि तो जी, म्हणजे सगळ्यात बारीक, तारेवर कुठे पडतो ते बघा. २० वा फ्रेट म्हणजे काळी २, म्हणजे ई फ्लॅट. २१ वा पांढरी ३, २२ वा पांढरी ४, आणि २४ वा पांढरी ५, म्हणजे उघड्या जी तारेच्या दोन सप्तकं वरचा जी. वीस आणि चोवीस फ्रेटमधला फरक एवढाच: चार सूर, तेही एका तारेवर. बाकीच्या तीन तारांवर वाढलेले सूर शेजारच्या तारेवर आधीच मिळत असतात.

५. मग खालचा रकाना बघा. चार तारांच्या बासवर पांढरी ३ च्या खाली काही नाही. गायकाची पट्टी पांढरी २, काळी १ किंवा पांढरी १ असेल तर खालचा षड्ज मिळत नाही, तो एक सप्तक वर घ्यावा लागतो आणि गाण्याचं वजन जातं.

निर्णय असा करा. वरचा सूर काळी २ च्या पुढे जातच नसेल तर २० फ्रेट पुरेत. अधूनमधून पांढरी ३ किंवा ४ लागते, तर २१ किंवा २२. बासवर सोलो, टॅपिंग किंवा वरच्या सप्तकात दोन-तीन तारांचे कॉर्ड नियमित वाजवत असाल तरच २४. आणि २५ पैकी पाचाहून जास्त गाण्यांत खालचा सूर ईच्या खाली जात असेल, तर फ्रेटचा विचार बाजूला ठेवा. तुम्हाला पाच तारांची बास हवी आहे. तिच्या बी तारेवर पहिल्या फ्रेटला पांढरी १ आणि तिसऱ्याला पांढरी २ मिळते.

ऑर्केस्ट्रा आणि लग्नाच्या कार्यक्रमांत वाजवणाऱ्या बहुतेकांच्या वहीत खालचा रकाना जास्त भरतो, आणि तरीही पैसे खर्च होतात ते वरच्या फ्रेटवर. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या.

> तपासा: वरचा जी एखाद्याच गाण्याच्या शेवटी लागतो का? मग जी तारेच्या पाचव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा. सूर तोच, २४ व्या फ्रेटचा. एका सुरासाठी बास बदलू नका.

टप्पा २: फ्रेट आणि स्केल यांची गल्लत सोडा

२४ फ्रेटची बास लांब असते आणि तिला लांब तारा लागतात, हा समज दुकानातसुद्धा ऐकू येतो. तो चुकीचा आहे. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजच्या सॅडलपर्यंतचं (बॉडीवर तार टेकते तो तुकडा) अंतर. फ्रेटची संख्या म्हणजे त्या अंतरातला किती भाग फ्रेटबोर्डाने व्यापलाय एवढंच.

फेंडरच्या प्रिसिजन (१९५१) आणि जॅझ (१९६०) या नमुन्यांत ३४ इंच स्केल आणि २० फ्रेट. म्युझिक मॅनच्या स्टिंगरेच्या मूळ १९७६ च्या नमुन्यात तेच ३४ इंच, पण २१ फ्रेट. यामाहाच्या बीबी मालिकेत २१, आयबनेझ जीएसआर २०० मध्ये २२, यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि आयबनेझ एसआर ३०० मध्ये २४. स्केल सगळ्यांचं ३४ इंचच. उलट हॉफनरच्या व्हायोलिनच्या आकाराच्या बासचं स्केल जेमतेम ३० इंच, तरी फ्रेट २२.

फ्रेट वाढले की जागा कुठून जाते ते आकड्यांत बघा. ३४ इंच म्हणजे ८६४ मिमी. शेवटच्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत उरतं ते असं:

- २० फ्रेट: २७२ मिमी
- २१ फ्रेट: २५७ मिमी
- २२ फ्रेट: २४२ मिमी
- २४ फ्रेट: २१६ मिमी

म्हणजे वीसवरून चोवीसवर गेलं की उजव्या हाताची ५६ मिमी जागा गेली. बोटांनी वाजवणाऱ्याला याचं फारसं काही वाटत नाही. स्लॅप करणाऱ्याची मात्र अडचण होते. अंगठा पडतो तिथे आता फ्रेटबोर्ड आहे, आणि पॉप मारायला तर्जनी तारेखाली घालावी तर तार आणि लाकूड यांत पाच मिमीही अंतर नसतं. बोट तारेखाली न जाता वरच घसरतं. वाजवणाऱ्याला वाटतं आपला हात बिघडला. हात ठीक असतो, जागाच नसते.

दुसरा आकडा बोटांचा. १९ आणि २० या फ्रेटमधलं अंतर १६ मिमी आहे, २३ आणि २४ मधलं १३ मिमीहून कमी. बोटाचं टोक रुंद असेल तर तिथे नेमकं बसवायला वेगळा सराव लागतो.

> सावधान: तारा घेताना पाकिटावर स्केल बघा, फ्रेट नव्हे. ३० इंची बासला ३४ इंची तारा कापून लावल्या तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो आणि तार तिथेच तुटते. कापायचीच असेल तेव्हा आधी खुंटीपाशी तार काटकोनात वाकवा आणि वाकाच्या पलीकडे कापा. सरळ तार कापली की वरचं वेटोळं आतल्या गाभ्यावर सैल होतं आणि नवी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते.

टप्पा ३: बास हातात घेतल्यावर, पैसे देण्याआधी

अर्धा तास लागतो. सेकंडहँड असेल तर यातलं काहीही गाळू नका.

१. फ्रेट ठिपक्यांवरून मोजा. बाराव्याला दोन ठिपके, मग १५, १७, १९, २१ ला एकेक. २१ च्या ठिपक्यापुढे एकही फ्रेट नसेल तर २१, एक असेल तर २२. चोविसाव्याला पुन्हा दोन ठिपके येतात. जाहिरातीत २२ लिहिलेली बास हातात आल्यावर २० ची निघते, हे नेहमीचंच.

२. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजा. ४३२ मिमी आलं तर ३४ इंच स्केल, ३८१ आलं तर ३० इंच.

३. टॉर्च आडवा धरून पहिले पाच फ्रेट बघा. तारेखाली खोबणी पडली आहे का? नख फिरवा. नख अडकलं तर फ्रेट घासून सपाट करावे लागतील. आणि फ्रेटची उंचीच ०.७ मिमीच्या खाली उरली असेल तर घासायलाही काही नाही, सगळे बदलावे लागतील. तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

४. उंच बसलेला फ्रेट शोधा. एटीएम कार्ड दोन तारांच्या मध्ये उभं करा, त्याची कड एका वेळी तीनच फ्रेटवर टेकली पाहिजे. ३४ इंची बासवर तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत कार्डाची लांब बाजू चालते, दहाव्यापासून अठराव्यापर्यंत आखूड बाजू, आणि त्यापुढे कार्ड कापून ४० मिमीचा तुकडा करा. कार्ड झोपाळ्यासारखं डुगडुगलं तर मधला फ्रेट उंच आहे. २४ फ्रेटच्या बासवर १७ च्या पुढचा भाग दोनदा तपासा. नेक बॉडीला जिथे जोडलेली असते तिथून पुढचं लाकूड काही वर्षांत किंचित वर उचललं जातं, आणि जितके फ्रेट जास्त तितके त्या उचललेल्या भागावर जास्त बसलेले असतात.

५. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. २० फ्रेटवर ८० सूर, २४ वर ९६. पाच मिनिटांचं काम. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लगेच विझतो का ते ऐका. अनेक बासमध्ये तिथे अशी मुकी जागा असते. थोडी असेल तर चालून जातं, सूर एका सेकंदात मरत असेल तर सोडून द्या.

६. बॉडीकडून नेकच्या दोन्ही कडांवर एक डोळा मिटून नजर टाका. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या हव्यात. एक सरळ आणि दुसरी वाकडी म्हणजे नेक पिळली आहे. ट्रस रॉडने (नेकच्या आतला, वाक कमी-जास्त करणारा लोखंडी दांडा) पीळ जात नाही.

७. पट्टा अडकवून उभे राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक खाली जाते का? बॉडीच्या वरच्या शिंगाचं टोक बाराव्या फ्रेटपर्यंत येत असेल तर तोल बहुधा राहतो. ते पंधराव्यापाशीच थांबत असेल तर डावा हात तीन तास नेकचं ओझं धरून राहील. रुंद खरबरीत पट्ट्याने थोडा आराम पडतो, पण तोल बदलत नाही.

८. सामानाच्या काट्यावर वजन करा. साडेचार किलोच्या वर असेल तर उभं राहून पूर्ण कार्यक्रम करणाऱ्याने दहादा विचार करावा.

> तपासा: बॅटरीची बास असेल तर मागचं झाकण उघडून घ्या. नऊ व्होल्टची बॅटरी गळून टोकं हिरवी पडली असतील तर आतल्या सर्किटकडेही बघावं लागेल.

टप्पा ४: घरी आणल्यावर बास लावणं

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, आणि तो क्रम चुकल्याने होतो. बझ (तार फ्रेटला घासून येणारी खरखर) आला की लोक थेट ब्रिजवरचे स्क्रू फिरवतात. क्रम हा आहे: नव्या तारा, मग नेकचा वाक, मग तारांची उंची, मग इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं), शेवटी पिकअप (तारांखालचा चुंबकाचा भाग). प्रत्येक पायरीनंतर पुन्हा सुरात लावायचं. आधीची पायरी हलली की पुढच्या सगळ्या हलतात, म्हणून मागे जावं लागलं तर पुढच्या पुन्हा करायच्या.

४.१ नेकचा वाक. पहिल्या फ्रेटवर कापो लावा. नेक बॉडीला जिथे मिळते त्या फ्रेटवर ई तार दाबून धरा. आता तार हीच सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातली फट फीलर गेजने मोजा. ०.३० मिमीचं पान तारेला न उचलता अलगद सरकलं पाहिजे. २४ फ्रेटच्या बासवर तार शेवटच्या फ्रेटवर दाबू नका. बॉडीवरचा भाग ट्रस रॉडने हलत नाही, तो उचललेला असेल तर माप फसवतं.

फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त कधीच नाही. सुरात लावा, तासभर ठेवा, पुन्हा मोजा.

> सावधान: ट्रस रॉडला एकदम घट्ट बसणारीच ॲलन की वापरा. मिमीची की ‘जवळजवळ बसते’ म्हणून लावली आणि रॉड इंची निघाला, तर आतली षट्कोनी कड गोल होते आणि मग तो रॉड कुणालाच फिरवता येत नाही. जोर लावावा लागत असेल तर थांबा आणि जाणकाराकडे न्या.

४.२ तारांची उंची. १७ व्या फ्रेटवर, फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. सुरुवातीला ई तारेला २.४ मिमी, जी तारेला २ मिमी, मधल्या दोन त्यांच्या मधोमध. जोरात वाजवत असाल तर ०.२ ते ०.३ मिमी वाढवा.

बझ कुठे येतो त्यावरून कारण कळतं. पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेक फार सरळ किंवा मागे वाकली आहे, ४.१ कडे परत जा. बाराव्याच्या वर येत असेल तर तारा फार खाली आहेत किंवा वरचं लाकूड उचललं गेलंय. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उंच आहे, सॅडल फिरवून काही होणार नाही.

४.३ इंटोनेशन. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सूर हलला की वादक पडदा सरकवतो. बासचे फ्रेट लाकडात ठोकलेले, त्यामुळे ते काम एकट्या सॅडलवर येतं. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक वाजवा, मग तोच सूर दाबून वाजवा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. दाबताना बोटाचा जोर नेहमी वाजवता तेवढाच ठेवा. जास्त जोराने सूर चढतो आणि सॅडल विनाकारण मागे जातं.

जुन्या तारांवर इंटोनेशन लावू नका. घाम आणि गंजाने तारेची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, मग बाराव्याला जुळलं तरी पाचव्याला जुळत नाही.

४.४ पिकअप. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून मोजा: ई तारेखाली सुमारे ३ मिमी, जी तारेखाली सुमारे अडीच. पिकअप फार वर आणला की त्यातलं चुंबक तारेला ओढतं आणि वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो. मग फ्रेट खराब आहेत म्हणून सांगितलं जातं आणि चांगले फ्रेट घासले जातात. आधी पिकअप दोन मिमी खाली घेऊन ऐका.

सगळी मापं तारखेसह वहीत लिहा. पुढच्या पावसाळ्यात हीच मापं कामी येतील.

मिरजेत तंतुवाद्यांचे कारागीर हाताशी आहेत, त्यांचा उपयोग योग्य कामाला करा. हाडाचा नट घडवणं, बॉडीची चीर भरणं, सुटलेला जोड बसवणं ही कामं ते सुरेख करतात. फ्रेट ठोकणं आणि एकसारखे घासून पातळीत आणणं हा मात्र वेगळा धंदा आहे. ज्यांनी गिटारचे फ्रेट पूर्वी केले आहेत, त्यांचं काम हातात घेऊन पाहिल्याशिवाय बास देऊ नका.

टप्पा ५: दुसरी, तिसरी बास

दुसरी बास पहिलीला जे जमत नाही ते करणारी हवी. वीस फ्रेटच्या चार तारांच्या बासशेजारी चोवीस फ्रेटची चार तारांचीच, तशाच तारा लावलेली बास ठेवली, तर वाद्यं दोन झाली पण काम एकच राहिलं.

आमच्या मते बहुतेकांसाठी क्रम असा असावा. पहिली: ३४ इंची, चार तारा, २० ते २२ फ्रेट, बॅटरीशिवाय चालणारी. दुसरी: पाच तारांची. तिच्यात २२ की २४ याने फार बिघडत नाही, पण ब्रिजवर तारांमधलं अंतर बघा. १९ मिमी असेल तर हात सरावलेला राहतो, १६-१७ मिमी असेल तर स्लॅप अवघड जातो आणि बोटांनी वाजवणं उलट सोपं होतं. तिसरी: सपाट वेटोळ्याच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा लावलेली. जुन्या गाण्यांचा गोल, लवकर विझणारा आवाज तिच्यात मिळतो. ती ३० इंची असली तरी चालेल. फ्रेटलेस त्यानंतर, आणि तीही तयार घ्या. आपल्या एकुलत्या एक बासचे फ्रेट उपटून फ्रेटलेस करू नका. खाचा नीट भरल्या गेल्या नाहीत तर नेकचा ताठपणा जातो.

स्टेजवर दोन बास बदलत वाजवणाऱ्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. वर चढताना डावा हात डोळ्यांवर नाही, नेक आणि बॉडीच्या सांध्यावर भरवसा ठेवतो. अंगठा सांध्याला टेकला की आपण कुठल्या फ्रेटवर आहोत ते हाताला कळतं. वीस आणि चोवीस फ्रेटच्या बासमध्ये हा सांधा दोन-तीन फ्रेटनी सरकलेला असतो. मंडपात अंधार असतो, हात सवयीने जातो आणि सूर एक-दोन पायऱ्या चुकतो. उपाय साधा आहे: दोन्ही बासवर नेकच्या बाजूला बाराव्या आणि सतराव्या फ्रेटपाशी रेडियमची बारीक टिकली लावा, आणि कार्यक्रमाआधी दहा मिनिटं फक्त सांध्याच्या वरचं वाजवा. जोडीला ठेवलेली बास निव्वळ अडीअडचणीला असेल, तर मात्र ती पहिलीसारखीच हवी: फ्रेट तेवढेच, तारांची जाडी तीच, उंची तीच.

> तपासा: प्रत्येक बास पंधरा दिवसांतून एकदा तरी वाजते का? वर्षातून दोनदा टप्पा ४ तिच्यावर होतो का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ती विका. न वाजलेली बास गंजते, तिची बॅटरी गळते, आणि नेक कधी वाकली ते कुणाला कळत नाही.

टप्पा ६: साठवण, आपल्या हवेप्रमाणे

बासला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. सांगली आणि सातारा या आपल्या दोन जिल्ह्यांत ती एकसारखी कुठेच नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटण पावसात भिजून निघतात. माण, खटाव, जत, आटपाडी उन्हाळ्यात कोरडे ठणठणीत. पाटणची बास जतच्या जत्रेत वाजवायला नेली की तिला दोन ऋतू एका दिवसात लागतात. मुक्कामाला पोचल्यावर केस अर्धा तास बंदच ठेवा, मग उघडा.

१. ज्या खोलीत बास आहे तिथे आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. आकडा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा.

२. जून ते सप्टेंबर बास भिंतीला टांगू नका, निदान पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीला तरी नाही. भिंत ओल धरते आणि नेकची मागची बाजू ती ओढते. केसमध्ये ठेवा, सोबत सुती पिशवीत पाव किलो रंग बदलणारं सिलिका जेल. रंग बदलला की स्वयंपाकाला न लागणाऱ्या भांड्यात मंद आचेवर, मूळ रंग येईपर्यंत तापवा आणि गार करून परत ठेवा.

३. तारा सैल करून ठेवू नका. ट्रस रॉड तारांच्या ओढीच्या विरुद्ध ओढत असतो. तारा सोडल्या की तो एकटाच नेकला मागे ओढतो. सुरातच ठेवा, फार तर एक पूर्ण सूर उतरवा.

४. एप्रिलमध्ये नेकच्या कडेने हात फिरवताना फ्रेटची टोकं टोचायला लागली तर लगेच कानस घेऊ नका. फ्रेट बाहेर आलेले नसतात, लाकूड आक्रसलेलं असतं. खोलीत आर्द्रता ४५ च्या वर आणून दोन आठवडे थांबा. तरीही टोचत असतील तरच टोकं घासा, तीही फ्रेटबोर्डाला मास्किंग टेप लावून.

५. रोझवूडच्या फ्रेटबोर्डाला वर्षातून एक-दोनदा गिटारसाठी मिळणाऱ्या लेमन ऑइलचे चार थेंब पुरतात. खोबरेल किंवा शेंगतेल लावू नका. ते खवट होतं, चिकट राहतं आणि धूळ धरून फ्रेटच्या कडेला काळा थर बनवतं. वार्निशच्या मेपल फ्रेटबोर्डाला तेल नाहीच, फक्त कोरडं सुती फडकं.

६. महिनाभर वाजणार नसेल त्या बासची बॅटरी काढून ठेवा. वाजत असेल तिचीही केबल कार्यक्रम संपला की लगेच काढा. बहुतेक बासमध्ये जॅक आत असेपर्यंत बॅटरी चालूच राहते.

७. सांगलीत नदीकाठच्या भागात राहत असाल तर बास तळमजल्यावर ठेवणं हा जुगार आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पाणी ४० कडे सरकायला लागलं की केस वरच्या मजल्यावर हलवा, ४५ ची वाट बघू नका. आधी बास, मग ॲम्प, मग केबल, कारण भिजलेला ॲम्प पुन्हा उभा राहू शकतो, भिजून फुगलेली नेक क्वचितच.

> सावधान: बास किंवा ॲम्प भिजलाच तर वीज लावून ‘चालतंय का’ बघू नका. तारा निम्म्या सैल करा, बॅटरी काढा, झाकणं उघडा आणि पंख्याच्या हवेत आडवं ठेवून आठवडाभर वाळू द्या. उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही. वरून पटकन वाळलेलं लाकूड आतून ओलंच असतं आणि मग तडकतं.

दिवाळी झाली की हवा कोरडी पडते. त्या आठवड्यात सगळ्या बास बाहेर काढा, ४.१ चं माप घ्या आणि वहीतल्या जूनच्या मापाशेजारी लिहा. फरक ०.१ मिमीच्या आत असेल तर ट्रस रॉडला हात लावू नका, फक्त तारा पुसून सुरात लावा. त्याहून जास्त असेल तर पाव फेऱ्याचाही अर्धा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माप.